पित्ताला लागणारा वेळ

वहिनीचं यकृत मला पाहताक्षणी आवडलं. वहिनी आवडायला मात्र बारा-तेरा वर्षं लागली होती, आणि तेही मी तिला अजून सांगितलेलं नाही.

ते काचेच्या पाळण्यात निजलं होतं. पाळणा हा शब्द माझा नव्हे. दवाखान्यातले सगळेच त्या यंत्राला पाळणा म्हणतात, कारण ते खरोखर झुलतं. आपण श्वास घेतो तेव्हा छातीखालचा पडदा यकृताला सतत वरखाली हलवत असतो. बाहेर काढलेल्या यकृतालाही तो झोका लागतो, नाहीतर एका अंगाला रक्त पोचत नाही. भिजवलेल्या चिंचेच्या रंगाचं, ओलसर, तुकतुकीत असं ते मंद झुलत होतं आणि त्याला लावलेल्या बारीक नळीतून सोनेरी पित्ताचा एकेक थेंब उतरत होता. मी किती वेळ पाहत उभी राहिले कोण जाणे. ज्या बाईचं ते होतं ती शेजारच्या पलंगावर होती, पण माझं तिकडे लक्षच नव्हतं.

"आत्या, आई इकडे आहे," तन्मय म्हणाला.

तन्मय म्हणजे वहिनीचा मुलगा, माझा भाचा. बंगळुरूला असतो. आईच्या ऑपरेशनसाठी रजा काढून आला होता, म्हणजे लॅपटॉप घेऊन आला होता.

वहिनीच्या यकृतात गाठी झाल्या होत्या. एक-दोन असत्या तर कापून काढल्या असत्या, पण या मोठ्या रक्तवाहिन्यांना बिलगून बसल्या होत्या. पोटात हात घालून त्या सोडवणं शक्य नव्हतं. काही वर्षांपूर्वीपर्यंत असं झालं की लोक दुसऱ्याच्या यकृताची वाट पाहायचे, आणि बरेचजण वाट पाहतच जायचे. आता अख्खं यकृत बाहेर काढतात, पाळण्यात ठेवतात, गाठी निवांत सोडवतात, औषधाने धुतात आणि काही दिवसांनी ज्याचं त्याला परत बसवतात. तोवर माणूस आणि त्याचं यकृत शेजारी शेजारी राहतात. दोन जाड नळ्यांतून एकच रक्त दोघांत फिरत असतं.

त्या खोलीत दिवसभर तिन्हीसांजेसारखा उजेड असायचा. आवाज नव्हताच. पाळण्याची हलकीशी घरघर तेवढी, तीही थोड्या वेळाने आपल्याच कानातली वाटू लागायची. कोल्हापूरच्या बाहेर, टेकडीवर तो दवाखाना; खाली रस्ता, उसाचे ट्रॅक्टर, सगळं जग चाललेलं. पण आत पाऊल टाकलं की वाटायचं, आपण कोणाच्या तरी झोपेत शिरलो आहोत.

डॉक्टर समीना मुजावर लहान चणीच्या, बोलताना पेनाचं टोपण सारखं उघडझाप करणाऱ्या. मी त्यांना पहिल्याच दिवशी धरलं.

"हे जिवंत आहे हे तुम्हाला कळतं कशावरून?"

"पित्तावरून. यकृताच्या पेशी रक्तातून हवं ते उचलतात आणि पित्त करतात. मेहनतीचं काम आहे. पेशी सुखात असल्या की पित्त सोनेरी, कसदार उतरतं. त्यांना रक्त कमी पडलं की पाणचट होतं. तो कस समोरच्या पडद्यावरच्या या खुणेच्या वर टिकला, तरच यकृत आत घालायचं."

"आणि नाही टिकला तर?"

टोपण मिटलं. "तर घालून उपयोग नसतो. मग दुसरं यकृत शोधावं लागतं, आणि आज तरी आपल्याकडे एकही नाही."

"पण रक्त कमी पडेलच कशाला? एवढ्या जाड नळ्या घातल्यात."

"नळ्या जाड आहेत, हेमाताई. पण यकृताच्या आतल्या वाहिन्या बारीक, आणि त्यांच्या भिंतींत स्नायू असतात. काही द्रव्यं रक्तात आली की ते आवळतात. माणूस घाबरला की शरीर स्वतःच ती द्रव्यं सोडतं. भीतीने हात गार पडतात ना, ते याच्यामुळेच. यकृतही तसंच आतल्या आत आवळून बसतं. रक्त थबकतं, पेशी उपाशी राहतात, पित्त उतरत नाही."

"मग त्या द्रव्यांवर काहीतरी उतारा द्या की."

"तिथंच तर अडतंय सगळं. एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर रक्तदाब ढासळतो. तो टिकवायला वाहिन्या आवळणारं औषध मीच सलाइनमधून देतेय. बंद केलं तर किडन्या जातील, वाढवलं तर यकृत जाईल. म्हणून अगदी बेताचं देते. त्यात यांनी स्वतःच्या भीतीची भर घातली की माझा बेत फसला. गाढ झोपवलं तर दाब आणखी पडतो, म्हणून तंद्रीत ठेवलंय. यांना काय कळतंय ते आपल्याला कळत नाही. पण यकृताला कळतं."

"कसं? शिरा तर सगळ्या तोडल्यात."

"मज्जातंतू तोडलेत. मेंदू त्याला थेट काही सांगू शकत नाही. जे काही सांगायचं ते रक्तातून."

म्हणजे पाटात चिठ्ठी सोडल्यासारखं, मी मनात म्हटलं. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. मला जगातलं काहीही पाण्यावरूनच समजतं.

आता आमच्या दोघींचं नातं. सांगायला सोपं आहे, ती माझ्या भावाची बायको. नाव वृषाली, पण मी कधी नावाने हाक मारली नाही. माझं लग्न झालं नाही, म्हणजे मी ते होऊ दिलं नाही, आणि भावाच्या घरी राहिले. भाऊ, श्रीधर, एका दुपारी गेला. वहिनी झोपली होती. "नाक्यापर्यंत जाऊन येतो, तिला उठवू नको," असं मला खुणेने सांगून, पायऱ्यांवर आवाज नको म्हणून चपला हातात घेऊन तो बाहेर पडला. नाक्यावरच त्याचं हृदय थांबलं. वहिनी जागी झाली तेव्हा घरात शेजारीपाजारी गोळा झालेले होते.

पुढे तन्मय शिकायला गेला, मग नोकरीला. घरात आम्ही दोघी उरलो. ज्याच्यामुळे आम्ही एकमेकींच्या कोणीतरी होतो तोच नव्हता. लोक विचारायचे, "अजून एकत्रच राहता?" मी म्हणायची, "भांडायला माणूस लागतं." हे खोटं नव्हतं.

वहिनी रुखवत करते. लग्नात मांडायचे साखरेचे महाल, खोबऱ्याच्या किसाची तुळशीवृंदावनं, डाळींची मोरपिसं. हल्ली यंत्रावर छापलेलं रुखवत तासाभरात घरपोच मिळतं, आणि ते सरळही असतं. तरी वहिनीचे किंचित तिरपे महाल मागणारी माणसं आहेत. मी तिला मदत करते, म्हणजे चुका काढते. ती मात्र माझ्या चुका मी दारात पाऊल टाकल्या टाकल्या काढते. "आलीस? किती हा उशीर! फोन काय शोभेला बाळगतेस? आणि ही भेंडी आणलीस होय?" ऑफिसातून आले तरी तेच, बाजारातून आले तरी तेच. सगळ्या गल्लीला कळायचं हेमांगीबाई घरी आल्या म्हणून. मग चहा व्हायचा. मग कधीतरी, ओरडणं विरून गेल्यावर, ती माझ्याकडे न बघता एक खोबऱ्याची वडी पुढ्यात सरकवायची. मी वडी खायची आणि मनात म्हणायची, मी आले की हिला त्रासच होतो, पण बाई मनाने वाईट नाही.

पलंगाच्या पायथ्याशी भिंतीवर पडदा होता. त्यावर पित्ताच्या कसाची सोनेरी रेघ चालायची. पाळण्याखाली एक चिमुकली काचेची कुपी होती. थेंबाथेंबाने ती भरली की यंत्र तिच्यातलं पित्त तपासायचं, रेघ पुढे ओढायचं आणि कुपी रिकामी करायचं. खोलीत कोण आलं, कोण गेलं हेही यंत्र टिपायचं, आणि कोणाच्या येण्याने रेघ चढते, कोणाच्या येण्याने उतरते याचा मेळ आपला आपण घालायचं.

सकाळी आणि दुपारी भेटायला सोडायचे. दोन्ही वेळेला आधी मी आणि मग तन्मय, कारण त्याची सकाळ उशिरा होते आणि दुपारी त्याच्या मीटिंगा असतात. नियम दोनच होते. हळू बोलायचं, आणि निघताना न सांगता निघायचं. निरोप घेतला की पेशंट अस्वस्थ होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. चपला तर बाहेरच काढायच्या असायच्या. म्हणून मी वेळ संपली की उठायची आणि अनवाणी, चोरासारखी बाहेर पडायची.

आत असताना मी तिला घरचं सांगत बसायची. गॅस बंद केलाय. दूधवाल्याला नाही म्हणून सांगितलंय. तुझा अर्धा राहिलेला महाल डब्यात ठेवलाय, पण मुंग्यांना पत्ता लागलाय. तिच्या पापण्या थरथरायच्या. एकदा तिने अगदी स्पष्ट "मुंग्या" म्हटलं आणि पुन्हा बुडून गेली. मग मी गप्प बसून थेंब पाहायची. एक थेंब नळीच्या टोकाशी गोळा व्हायचा, फुगायचा, त्यात खोलीतला सगळा पिवळा उजेड साठायचा, आणि तो सुटायचा. मला वाटायचं, ती आत जे काही स्वप्न बघतेय त्याचाच हा अर्क उतरतोय. आणि त्या स्वप्नात मी असेन का, हा प्रश्न या वयात कोणाला विचारायचा?

उत्तर यंत्रानेच दिलं.

एका दुपारी मी आतून बाहेर आल्यावर डॉक्टरांनी आम्हाला दोघांना बोलावलं. टोपण फार वेळ उघडझाप होत राहिलं.

"हेमाताई, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही आत गेलात की रेघ उतरते. दर वेळी. तन्मय आत गेले की चढते. तेही दर वेळी."

"माझ्यामुळे?"

"यंत्राचा मेळ तसं सांगतोय. जुनं काही मनात असेल, तंद्रीत ते वर येतं. तुमचा दोष आहे असं नाही म्हणत मी. पण आज कस खुणेच्या जेमतेम वर आहे. परवा सकाळी यकृत आत घालायचं की नाही ते ठरवायचंय. तोवर तुम्ही भेटू नये असं मला वाटतं."

"आत्या, तसं काही नसेल गं," तन्मय म्हणाला. पण त्याचे कान लाल झाले होते, आणि ते लाजेने नव्हे. आईच्या रक्तात आपण चांगले आहोत हे कळल्यावर कोणाला बरं वाटणार नाही?

"असू दे रे," मी म्हटलं. "लेकाला बघून आईचं पित्तसुद्धा खुलतं. बरंच आहे की."

खरं सांगते, मला फार लागलं. माणूस तोंडाने काहीही बोलतं, ते आपण मनावर घेत नाही. पण यकृत कशाला खोटं बोलेल? इतकी वर्षं एका ओट्यावर राबलो, एका पंख्याखाली झोपलो, आणि मी दारातून आत आले की हिच्या रक्तवाहिन्या आवळत होत्या.

दवाखान्याच्या आवारात बुचाचं झाड आहे. त्याखालच्या बाकावर मी बसले. संध्याकाळी तन्मयचा निरोप आला, "रेघ छान चढलीय, आत्या!" मी त्याला उलट अंगठा पाठवला, म्हणजे वर केलेला, आणि रडले. वरून बुचाची लांब देठांची पांढरी फुलं गिरक्या घेत पडत होती. पन्हाळ्याच्या वाटेवर म्हाताऱ्यांची एक वसाहत झाली आहे. तिथे राहणारी आमच्या ऑफिसातली एक मैत्रीण मला कधीची बोलावत होती. मी बाकावरच ठरवून टाकलं. वहिनी बरी होऊन घरी आली की आपण तिकडे जायचं. तिला सुखाने पित्त करू दे.

दुसऱ्या दिवशी रेघ उतरली.

सकाळी तन्मयला वाटलं यंत्राचं काही चुकलं असेल. दुपारपर्यंत ती खुणेला टेकली. तो आत होता, आईजवळच होता, निदान फोन येऊन बाहेर जात नव्हता तेवढा वेळ. मी बाकावर होते. मी नव्हते तरी रेघ उतरत होती, आणि मला याचा आनंद झाला नाही एवढं माझ्याबद्दल लिहून ठेवते. मला नुसती भीती वाटत होती. माझेही हात गार पडले होते.

डॉक्टर मुजावर स्वतः खाली आल्या, बाकावर माझ्याशेजारी टेकल्या. पेन हातात नव्हतं.

"हेमाताई, माझं चुकलं."

"काय झालं? गेली का ती?"

"नाही, नाही. ऐका. यंत्र असं धरून चालतं की कुपी वीसेक मिनिटांत भरते. निरोगी यकृताची भरतेच. पण वाहिन्या आवळल्या की थेंब मंदावतात. मग कुपी भरायला तास लागतो, दीड तास लागतो. आणि यंत्र मात्र पडद्यावर ते पित्त आत्ताचंच म्हणून दाखवतं. आज मी पडदा सोडून कुपीसमोर बसले, तेव्हा हे दिसलं. भीतीच आपली बातमी उशिरा पोचवतेय."

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे तुम्ही आत गेलात की जी रेघ उतरताना दिसायची, ती तुम्ही यायच्या आधीच्या पित्ताची होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही नव्हता तेव्हाच्या."

"आणि तन्मय आत असताना जी चढायची?"

"ती तुमची होती."

मला हसू आलं की रडू आलं ते आठवत नाही. माझा सगळा जन्म पाटबंधाऱ्यात गेलेला! धरणाचं दार बंद केलं तरी पाटाच्या टोकाच्या गावाला दोन दिवस पाणी येत राहतं, आणि दार उघडलं तरी दोन दिवस त्या गावची बोंब चालूच असते. त्या बोंबेचे फोन घ्यायला मीच बसायची. "पाणी सोडलंय, वाटेत आहे," हे वाक्य मी जितक्यांदा म्हटलं असेल तितक्यांदा स्वतःचं नाव घेतलं नसेल. आणि इथे वहिनीच्या पाटाची रेघ बघून मी गाशा गुंडाळायला निघाले होते.

"पण ती घाबरते कशाला?" मी विचारलं. "मी नसताना काय होतं?"

"ते मला माहीत नाही. यकृत एवढंच सांगतं की भीती आहे. कशाची, ते नाही सांगत."

ते मला माहीत होतं. विचारता विचारताच कळलं. तंद्रीतून ती वर येत असणार, दुपारच्या झोपेतून यावं तशी. खोलीत तोच पिवळट उजेड. शेजारची खुर्ची रिकामी. जे माणूस आत्ता इथे बोलत होतं ते न सांगता, अनवाणी, आवाज न करता निघून गेलेलं. दर सकाळी आणि दर दुपारी मी तिच्यासमोर श्रीधर होऊन बाहेर पडत होते.

आम्ही दोघी जवळजवळ धावतच वर गेलो. चपला बाहेर काढल्या. पण मी दारातूनच, हळू बोलायचा नियम मोडून, म्हटलं, "आले गं मी, वहिनी."

पडद्यावर रेघ खुणेच्या खाली गेली होती आणि पडद्याची कड लाल लुकलुकत होती. मी खुर्चीत बसले, वहिनीचा हात हातात घेतला. माठातल्या पाण्यासारखा गार. तेवढ्यात रेघ आणखी एक पायरी उतरली.

"आत्या!" तन्मय ओरडलाच. "तू आलीस आणि आणखी खाली गेली! डॉक्टर, प्लीज, तिला बाहेर पाठवा. हे असं नाही चालणार."

"तन्मय, तो पडदा मागचं सांगतोय," डॉक्टर म्हणाल्या. पण त्यांचाही आवाज कोरडा होता. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही तिकडे बघूच नका."

बघू नका म्हणणं सोपं. माझ्यासमोर माझ्या माणसाचं यकृत संपत चाललेलं दिसत होतं, ते माझ्यामुळेच असं पडदा ओरडून सांगत होता, आणि मला तिथेच बसून राहायचं होतं. आणि मी मनाशी तेच म्हणत होते जे जन्मभर दुसऱ्यांना सांगितलं. पाणी सोडलंय, वाटेत आहे.

मी पडद्याकडे पाठ केली आणि बोलू लागले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. तिच्या महालाची गच्ची तिरपी झालीय म्हणाले. भेंडी मी जून आणते कारण भाजीवाला तुझ्यासारखाच मला फसवतो म्हणाले. बोलता बोलता माझाच आवाज लांबून येऊ लागला. पाळणा झुलत होता. मला वाटलं आम्ही दोघी पाटाच्या काठाने चाललोय. पाण्यातून वहिनीचा साखरेचा महाल तरंगत येतोय, विरघळत नाहीये, खिडक्यांतून पिवळा उजेड सांडतोय, आणि काठावर श्रीधर चपला हातात घेऊन उभा आहे. "घाल त्या पायात," मी त्याला म्हटलं, "आवाज होऊ दे." तो हसला आणि त्याने चपला घातल्या. त्या फटफट वाजत दूर गेल्या, आणि त्या वाजत होत्या म्हणून कोणालाच भीती वाटत नव्हती.

वहिनीच्या ओठांतून काहीतरी निघालं. मी वाकले.

"हेमा?"

"इथेच आहे."

"नाक्यावर गेलीस?"

"नाही गेले. जाईन तेव्हा सांगून जाईन. ओरडून सांगेन."

तिने डोळे उघडले नाहीत. पण तिची बोटं माझ्या बोटांत जराशी हलली, आणि मला जाणवलं की ती आता गार नाहीत. आधी टोकं कोमट झाली, मग तळवा, आणि मग माझ्याही हातात ऊब आली. पडदा अजून लालच होता. तन्मय कपाळाला हात लावून भिंतीशी बसला होता. खोलीतल्या कोणालाच अजून कळलेलं नव्हतं, ते मला कळलं होतं.

"येते गं, पाणी पिऊन," मी मोठ्याने म्हटलं, दारापर्यंत गेले, पाणी प्यायले, परत आले. हात ऊबदारच होता.

बाहेर दिवस मावळला तेव्हा डॉक्टर पाळण्याशी गुडघे टेकून बसल्या होत्या. "थेंब बघा," त्या हळूच म्हणाल्या. थेंब पटापट गोळा होत होते, दाट, केशर घातल्यासारखे. कुपी भरली. यंत्र क्षणभर विचारात पडल्यासारखं थांबलं, आणि रेघ वर वळली.

तन्मय उठला, माझ्याजवळ आला आणि लहानपणी यायचा तसा पाठीला चिकटून उभा राहिला. "सॉरी, आत्या," म्हणाला. मी म्हटलं, "पडद्याला म्हण." त्या रात्री मी खुर्ची सोडली ती दर वेळी सांगून. ठरल्या सकाळी रेघ खुणेच्या बरीच वर होती, आणि वहिनीचं यकृत वहिनीच्या पोटात परत गेलं. रिकामा पाळणा थोडा वेळ तसाच झुलत राहिला. मग कोणीतरी तो बंद केला.

शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं विचारलं, "मी काही बडबडले का?"

"मुंग्या म्हणालीस."

"लागल्याच असतील महालाला. तुझ्याकडून एक डबा धड लागत नाही."

रेघेचं मी तिला सांगितलं नाही. डॉक्टरांनाही म्हटलं, राहू द्या. एवढ्या वर्षांत जे तिने तोंडाने सांगितलं नाही ते तिच्या पोटातून काढून आम्ही वाचलं, हे तिला आवडलं नसतं.

आता ती घरी आहे. तन्मय बंगळुरूला गेला, रोज फोन करतो. पन्हाळ्याच्या मैत्रिणीला मी सांगितलं की माझं जमणार नाही. वहिनीने गेल्या आठवड्यात एका लग्नाचं रुखवत घेतलं. काल मी तिच्यासाठी साखर आणायला गेले. निघताना "येते गं" म्हटलं होतं, पण बाजारात जुन्या ऑफिसातले एक गृहस्थ भेटले, त्यांना त्यांच्या गुडघ्यांविषयी बरंच सांगायचं होतं. परतायला उशीर झाला.

दारात पाऊल टाकलं आणि सुरू झालं. "आलीस? किती हा उशीर! फोन काय शोभेला बाळगतेस? आणि ही साखर जाड आहे, महालाला बारीक लागते, किती वेळा सांगायचं?"

पडदा नव्हता, पाळणा नव्हता, पण रेघ मला दिसत होती. इतकी वर्षं मी दारात जे ऐकत आले ते माझ्या येण्याचं नव्हतंच. मी नव्हते त्या वेळेचं होतं ते. ते पोचायला उशीर व्हायचा एवढंच, आणि नेमकी तेव्हाच मी दारात उभी असायची. ती वडी माझ्या येण्याची होती.

मी पिशवी खाली ठेवली, ओट्याशी गेले आणि तिचा हात हातात घेतला.

"हे काय नवीन?" वहिनी म्हणाली. "हात सोड, पाक करपेल."

मी गॅस बारीक केला, पण हात सोडला नाही. तो अजून गार होता.